दाताची कॅप: कधी लागते, कशी बसते आणि बसवताना काय बघायचं

रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, झोप लागायला लागली. मग डॉक्टर म्हणतात, "आता वर कॅप बसवू." बरेच पेशंट इथेच गळतात. दुखत तर नाही, मग एवढा खर्च कशाला, असा सरळ हिशेब असतो. वर्षा-दोन वर्षांनी त्यातले काही जण कागदाच्या पुडीत दाढेचा अर्धा तुकडा घेऊन येतात. चीर मुळापर्यंत गेली असेल तर दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही.

याउलट दुसरे काही जण झिरकोनियाच्या (दाताच्या रंगाच्या, चिवट साहित्याच्या) कॅपच्या वॉरंट्या तोंडपाठ करूनच खुर्चीत बसतात. "डॉक्टर, पंधरा वर्षांवालीच बसवा." त्यांना मी एवढंच सांगतो की कॅपला कीड लागत नाही, आतल्या दाताला लागते. कॅप किती वर्षं काढेल हे आधी दोन गोष्टींवर ठरतं: आत निरोगी दात किती उरलाय आणि कॅपची कड त्या दाताला किती नेमकी भिडली आहे. साहित्याचा नंबर तिसरा. दवाखान्यात मात्र चर्चा उलट्या क्रमाने होते.

आपण खालची पहिली दाढ डोळ्यांपुढे ठेवू, कारण कॅप लागणाऱ्या दातांत ती कायम पुढे असते. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते. दुधाचा एकही दात न पडता मागच्या बाजूने गुपचूप उगवते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे" म्हणून कीड तशीच राहते आणि पंचविशीत रूट कॅनालची वेळ येते.

कॅप कधी लागते

"नस काढली की दात सुकतो आणि ठिसूळ होतो," असं सर्रास सांगितलं जातं. खरं कारण वेगळं आहे. दाढेची ताकद तिच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या कडांमध्ये असते, आणि कीड नेमक्या त्याच खाते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढलेल्या उपदाढांवर (सुळा आणि दाढा यांच्या मधल्या दातांवर) याची मोजणी केली होती. नुसत्या रूट कॅनालच्या भोकामुळे दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही बाजूंच्या कडा कापल्यावर मात्र तो ६३ टक्क्यांनी उतरला. अशा दाढेत नुसतं सिमेंट भरून सोडलं, की प्रत्येक घासाला ते पाचरीसारखं दोन्ही भिंती बाहेर लोटत राहतं. कॅप वरून चारही बाजूंनी दाढ आवळून धरते, तिचं मुख्य काम हेच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रूट कॅनाल केलेले पण कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्यांच्या सहापट प्रमाणात गमवावे लागल्याचं दिसलं होतं.

म्हणून दाढा आणि उपदाढा रूट कॅनालनंतर शक्यतो झाकाव्यात, आणि महिनोन्‌महिने थांबू नये. समोरच्या दातांचा नियम वेगळा. त्यांच्यावर चावण्याचा जोर उभा पडत नाही. दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर मागचं भोक नीट बुजवून काम भागतं. याशिवाय मोठं फिलिंग वारंवार निघत असेल, दाढेला चीर जाऊन विशिष्ट जागी चावताना सणक जात असेल, किंवा दात खाऊन खाऊन झिजून सपाट झाले असतील, तरीही कॅप लागते.

न लागणारी जागाही सांगतो. निव्वळ दात पिवळे किंवा थोडे वाकडे आहेत, लग्न जवळ आलंय, म्हणून चांगल्या सहा-आठ दातांवर कॅप घालू नका. समोरच्या दातावर पूर्ण कॅप बसवण्यासाठी हिरडीच्या वर दिसणाऱ्या भागाचा वजनाने ६० ते ७० टक्के हिस्सा घासून काढावा लागू शकतो, आणि घासलेला दात परत वाढत नाही. ब्लीचिंग, तारा, व्हेनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) हे पर्याय आधी विचारा. उतावळा पेशंट आणि उतावळा डॉक्टर एकत्र आले की समोरच्या दातांची वाट लागते.

आधी आतला दात

कॅपच्या मापाआधी तुमच्या दाढेचा एक्स-रे स्क्रीनवर मागा आणि विचारा, "कीड पूर्ण काढल्यावर हिरडीच्या वर दात किती उरतो?" सगळीकडून दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा निरोगी दात उरला तर कॅपला पकड मिळते. ही पट्टी नसेल तर कितीही महागडी कॅप सारखी निघत राहील, नाहीतर दाताचं मूळच फुटेल.

दात फार कमी उरला असेल तर मुळात फायबरची बारीक काडी म्हणजे पोस्ट बसवतात आणि तिच्यावर नवा बुंधा उभा करतात. पोस्टमुळे दात मजबूत होतो असा समज आहे. तसं काही नसतं. ती फक्त वरच्या भरावाला धरून ठेवते. पुरेसा दात असताना पोस्ट घालणं म्हणजे मूळ उगाच कोरणं. काही वेळा हिरडी आणि हाड थोडं खाली घेऊन दाताची उंची मिळवता येते. तेही जमत नसेल तर दात काढून इंप्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) यांचा हिशेब मोकळेपणाने करायला हवा. रूट कॅनाल सुरू करण्याआधीच हा हिशेब झाला तर फारच उत्तम.

साहित्य, थोडक्यात

पूर्ण धातूची कॅप दिसायला चंदेरी, पण तिला दात कमी घासावा लागतो आणि ती सहसा फुटत नाही. शेवटच्या दाढेसाठी, जिथे हसताना काही दिसत नाही, तिथे मी ती आजही सुचवतो. पेशंट सहसा नाक मुरडतात. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप म्हणजे आपल्याकडची नेहमीची "सिरॅमिक कॅप". ती बरी दिसते, पण वरचा थर टवका उडून निघू शकतो आणि काही वर्षांत हिरडीच्या कडेला काळपट रेघ दिसू लागते. झिरकोनिया दाताच्या रंगाची आणि खूप चिवट असते, दाढेला चांगली. लिथियम डायसिलिकेट ही काचेच्या जातीची सिरॅमिक. ती समोरच्या दातांना सर्वांत नैसर्गिक दिसते. चिवटपणात मात्र झिरकोनिया तिच्या बरीच पुढे.

एक गोष्ट न विचारता सांगा. खोट्या दागिन्यांनी कानाची पाळी चिघळत असेल, घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज येत असेल, तर तुम्हाला निकेलची ॲलर्जी असू शकते. स्वस्त धातूच्या बऱ्याच कॅपमध्ये निकेल असतं.

(जाता जाता: चिनी मातीची पहिली यशस्वी जॅकेट कॅप बनवणारे डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड हे अटलांटिक एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे आजोबा. नातवाची कीर्ती मोठी, पण आजोबांचं काम जास्त तोंडांत गेलं.)

पहिली बैठक: घासणं आणि माप

जेवून जा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. कॅपसाठी त्याची सहसा गरजच पडत नाही.

दाताचा रंग सगळ्यात आधी, काम सुरू व्हायच्या आत ठरवायला हवा. तासभर तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि होते त्यापेक्षा पांढरे दिसतात. रंगाच्या पट्टीवर ए, बी, सी, डी अशा छटा असतात. ए तांबूसकडे झुकणारी, सी राखाडीकडे. खिडकीच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, शेजारच्या दाताशी ताडून बघा. "एकदम पांढरी द्या" असा हट्ट धरलात तर एकच दात ट्यूबलाइटसारखा दिसेल.

मग भूल. रूट कॅनाल झालेल्या दाढेतली नस गेलेली असली तरी हिरडी जिवंत असते, म्हणून इंजेक्शन लागतंच. गाल आणि ओठ दोन-तीन तास बधिर राहतात. तेवढ्या वेळात काही चावून खाऊ नका, गाल चावला जातो आणि कळतही नाही. लहान मुलांवर तर नजरच ठेवावी लागते.

आता दाढ घासली जाते. चावण्याच्या बाजूने झिरकोनियासाठी साधारण एक ते दीड मिलिमीटर, धातू-सिरॅमिकसाठी दीड ते दोन. एवढी जागा करावीच लागते. जागा कमी ठेवली तर कॅप एकतर पातळ होऊन फुटते किंवा उंच बसते. बाजूच्या भिंती किंचित निमुळत्या करतात, म्हणजे कॅप वरून सरळ खाली उतरेल. जास्त निमुळत्या झाल्या तर मात्र पकड जाते. हे सगळं जमलं तरी खरी परीक्षा पुढे असते, ती म्हणजे कड.

कॅप जिथे संपते आणि दात सुरू होतो, ती दाताभोवतीची रेघ म्हणजे कड. ती एकसलग, स्वच्छ आणि निरोगी दातावर हवी, फिलिंगवर नको. ती हिरडीच्या आत लपली असेल तर मापात येत नाही, म्हणून हिरडी आणि दात यांच्यामध्ये औषधात भिजवलेला बारीक दोरा काही मिनिटं दाबून ठेवतात. हिरडी बाजूला सरते, रक्त थांबतं, आणि मगच माप घेतात. हिरडी सुजलेली असेल, हात लावताच रक्त येत असेल, तर चांगला डॉक्टर त्या दिवशी माप घेतच नाही. आधी दात साफ करून आठवड्याने बोलावतो. अशा वेळी "उगाच एक खेप वाढवली" म्हणून रागावू नका. ओल्या, रक्ताळलेल्या कडेचं माप घेणारा तुमचे पुढचे दहा त्रास वाढवतो.

माप दोन प्रकारे घेतात. एक, ट्रेमध्ये घट्ट पुट्टी आणि तिच्यावर पातळ सिलिकॉन घालून. दोन, तोंडात छोटा कॅमेरा फिरवून स्कॅनरने. स्कॅनरमध्ये उमाळे येत नाहीत हा मोठा फायदा. पण कड दिसत नसेल तर स्कॅनरलाही ती दिसत नाही. ट्रेने उमाळे येत असतील तर सरळ बसा, मान थोडी पुढे घ्या आणि नाकाने श्वास घेत राहा. माप बाहेर काढल्यावर डॉक्टर ते उजेडात धरून निरखून बघतात. कडेवर बुडबुडा आला असेल किंवा माप ओढलं गेलं असेल, तर पुन्हा घेतात. हे दुसरं माप म्हणजे काम नीट चालल्याची खूण.

शेवटी विरुद्ध जबड्याचं माप, चाव्याची नोंद आणि तात्पुरती कॅप. "आठवड्याचाच तर प्रश्न आहे, राहू द्या उघडी," असं म्हणू नका. तेवढ्यात शेजारचे दात किंचित सरकू शकतात, हिरडी कडेवर चढते, आणि मापाने बनलेली कॅप बसेनाशी होते. तात्पुरत्या कॅपवर चिक्की, च्युइंगम, चिकट डिंकाचा लाडू नको. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वर खेचायचा नाही, बाजूने ओढून काढायचा. ती निघाली तर त्याच दिवशी फोन करा.

लॅबमध्ये काय होतं

मापावरून दाढेची प्रतिकृती होते, किंवा स्कॅन थेट कॉम्प्युटरवर उघडतो. झिरकोनियाची कॅप खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मुद्दाम २० ते २५ टक्के मोठी कोरतात, कारण सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती तेवढीच आकसते आणि मगच कठीण होते. कड कुठे आहे हे टेक्निशियन मापावरच आखतो. मापात ती अस्पष्ट असेल तर त्याला अंदाज करावा लागतो, आणि कॅप अंदाजाने बसते. लॅबमधून "माप परत पाठवा" असा फोन येणं ही चांगल्या लॅबची खूण.

दुसरी बैठक: चिकटवण्याआधीची पंधरा मिनिटं

ही बैठक पेशंट हलक्यात घेतात. "फक्त चिकटवायचीच आहे ना, ऑफिसला जाता जाता येतो." पण एकदा सिमेंट लागलं की चुकीची कॅप कापूनच काढावी लागते. म्हणून चिकटवण्याआधी ती नुसती बसवून चार गोष्टी बघतात, आणि त्या तुम्हीही बघू शकता.

पहिली, शेजारच्या दाताशी टेकण. डॉक्टर मधून फ्लॉस घालतात. तो टचकन खाली उतरायला हवा. आरामात गेला तर फट आहे आणि तिथे भाजीचे तंतू, मटणाचे धागे रोज अडकणार. गेलाच नाही तर कॅप पूर्ण खाली बसलेलीच नाही. दुसरी, कड. टोकदार सळई दातावरून कॅपवर फिरवताना ती अडखळता कामा नये. शंका असेल तर इथेच एक्स-रे काढतात. तिसरी, रंग. आरसा मागा, खिडकीशी जा. इथे संकोच नको.

चौथी, चावा. इथे घाई करायची नाही. दातांमध्ये निळा कागद ठेवून डॉक्टर म्हणतात, "काका, टक टक चावा. आता दात बाजूला घासा." कॅपवर निळे ठिपके उमटतात. शेजारच्या दातांवरही तेवढेच ठिपके हवेत. फक्त कॅपवर एकच गडद डाग आला तर कॅप उंच आहे. मग तेवढीच जागा घासायची, पुन्हा कागद, पुन्हा टक टक. खुर्ची आडवी असताना जबडा थोडा मागे जातो, म्हणून एकदा सरळ बसून चावून बघा. याच कारणासाठी या बैठकीला शक्यतो भूल देत नाहीत. बधिर तोंडाला उंची कळत नाही. "थोडंसं लागतंय, पण सवय होईल" असं मनात म्हणून उठू नका. केसाएवढी उंचीही दाढेला जाणवते आणि आठवडाभरात ती दुखायला लागते.

घासल्यावर कॅपला परत चकचकीत पॉलिश झालंच पाहिजे. गुळगुळीत झिरकोनिया चावताना तिच्यावर टेकणाऱ्या दाताशी जुळवून घेते, खडबडीत मात्र त्याला कानशीसारखी झिजवते.

मग दाढ धुऊन, कोरडी करून, कापसाचे बोळे लावून सिमेंट. ग्लास आयोनोमर असो की रेझिन, बाहेर आलेला जादा भाग पूर्ण निघाला पाहिजे. दातांच्या मधलं सिमेंट फ्लॉसला गाठ मारून ओढून काढतात. हिरडीखाली राहिलेला कण महिनोन्‌महिने हिरडी सुजवत राहतो, आणि पेशंट टूथपेस्ट बदलत बसतो.

घरी आल्यावर

पहिला दिवस त्या बाजूने कडक काही नको. जिवंत दातावर कॅप असेल तर थंड पाण्याने दात एक-दोन आठवडे शिवशिवतो, मग थांबतो. गरम चहाने सुरू झालेली कळ बराच वेळ टिकत असेल किंवा रात्री आपोआप ठणकत असेल, तर नसेला त्रास झालाय. वेळ घालवू नका. रूट कॅनालची गरज पडली तर बहुतेकदा कॅप न काढता वरून भोक पाडून ते करता येतं.

जेवणात भाकरी, चपाती, उसळ, सगळं चालतं. ऊस सोलायला, सुपारी फोडायला आणि नळी फोडायला मात्र आपल्या खऱ्या दाढाही बनलेल्या नाहीत, मग कॅप तर दूरच. मिश्री आणि तंबाखू हिरडीला मागे ढकलतात, आणि हिरडी सरकली की कॅपची कड उघडी पडते.

ब्रश कॅपच्या मध्यावर घासून उपयोग नाही. मऊ ब्रशचे केस हिरडीच्या रेघेवर तिरके टेकवा आणि तिथेच हलकेच फिरवा. रोज रात्री फ्लॉस, किंवा फट मोठी असेल तर छोटा इंटरडेंटल ब्रश. सेफ्टी पिन आणि काडीने कोरणं बंद. रात्री दात खाण्याची सवय असेल (घरच्यांना विचारा, तुम्हाला कळणार नाही) तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) करून घ्या. झिरकोनियाला फारसं काही होणार नाही, पण तिच्यावर टेकणारे दात झिजतील.

नीट बसलेली, नीट राखलेली कॅप दहा-पंधरा वर्षं सहज चालते, कित्येकदा त्याहून जास्त. वॉरंटी कार्ड जपून ठेवा, पण वाचूनही बघा. ते सहसा कॅप फुटण्याबद्दल असतं. आतल्या दाताला लागलेली कीड त्यात धरत नाहीत.

मुलांच्या दाढा

दुधाच्या किडलेल्या दाढेवर तयार मापाची स्टीलची कॅप बसवतात. दाढ पडायच्या वयात ती दाढेसकट पडते. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीत तर योग्य निवडलेल्या दाढेवर इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. कॅप कीडीवरच घट्ट चिकटवून तिचं पोषण तोडतात. पहिले काही दिवस चावा उंच लागतो, मग आपोआप जुळतो. मुलांमधली ही सवलत मोठ्यांच्या कॅपला लागू नाही. आयांना चंदेरी दात आवडत नाही, मुलांना मात्र शाळेत मिरवायला चालतो.

खर्च आणि ठिकाण

धातू सगळ्यात स्वस्त, मग धातू-सिरॅमिक, मग झिरकोनिया आणि लिथियम डायसिलिकेट. दर विचारताना त्यात बुंधा भरणं, तात्पुरती कॅप आणि एक्स-रे धरलेत का, हे स्पष्ट विचारा. स्वस्त वाटणारा आकडा इथेच फुगतो. अवघड दात असेल तर कॅप-ब्रिजचे तज्ज्ञ म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट यांच्याकडे जा. खिसा परवानगी देत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय हे चांगले पर्याय आहेत. काम विद्यार्थी करतात, खेपा जास्त होतात आणि अर्धा दिवस जातो. पण शिक्षक पायरीपायरीने तपासतात, कडेसकट.

कॅप निघाली तर

जेवताना दाताखाली कडक काही लागलं तर आधी थुंका, गिळू नका. गिळलीच गेली तर बहुधा पोटातून निघून जाते. पण ठसका थांबत नसेल किंवा दम लागत असेल तर ती श्वासनलिकेत गेली असू शकते, थेट हॉस्पिटल गाठा. कॅप हातात असेल तर धुऊन छोट्या डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत या. फेविक्विक अजिबात लावू नका. त्याने हिरडी भाजते आणि कॅप वाकडी चिकटली तर वाचवण्यासारखी दाढही हातची जाते. कॅपच्या आत दाताचा तुकडा अडकलेला दिसला तर तो कोरून काढू नका, तसाच आणा. दाढ किती खाली तुटली आहे आणि तीच कॅप परत बसेल का, याचा अंदाज त्या तुकड्यावरून लगेच येतो.